सावरतळ्याचा पत्ता

प्रिय इंदू,

उद्या सकाळी मी तुझा नियम मोडणार आहे. न सांगता मोडला असता तर तुला कोण कळवणार होतं? पण तुझ्यापासून लपवलेली एकही गोष्ट मला आजवर पचलेली नाही. म्हणून आधी सांगतो आणि मग मोडतो.

रागावशील, तर रागाव. फक्त पत्र पुरतं वाच. माझी पत्रं तू पहिल्या दोन ओळी वाचून "समजलं" म्हणून बाजूला ठेवायचीस, तसं या वेळी नको.

आज रविवार. जेवण उरकून आपल्या रेल्वे क्वार्टरच्या व्हरांड्यात बसलोय. समोर नदीत एक जहाज मघापासून भोंगा देतंय. टेबलावर सरकारला लिहिलेला एक अर्ज आहे आणि त्यात तुझ्या सावरतळ्याचा पत्ता आहे. कुठल्या स्टेशनावर उतरायचं, कुठल्या बांधाने चालायचं, झाडं कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात, सगळं आहे. खाली नकाशाही काढलाय. जे तू जिवाभावाच्या माणसांनाही सांगितलं नाहीस, ते मी स्वच्छ अक्षरात लिहून ठेवलंय.

का लिहिलं, ते नीट सांगायचं तर पहिल्यापासून सांगायला हवं. तुझीच गोष्ट तुलाच! पण मला ती सांगावीशी वाटतेय, आणि आता तू मधे मधे दुरुस्त्याही करू शकत नाहीस.

आठवतं, आपण कलकत्त्याला आलो तो हिवाळा? स्वातंत्र्यानंतरचा पहिलाच. गार्डन रीचच्या मोठ्या कचेरीत माझी बदली झाली आणि तू नागपूरचं बिऱ्हाड आवरून माझ्यामागे आलीस. सियालदह स्टेशनात पूर्वेकडून आलेली घरंच्या घरं फलाटावर पथाऱ्या टाकून होती. शहराला स्वतःलाच श्वास घ्यायला जागा नव्हती. आणि तू खिडकीत उभी राहून रोज एकच म्हणायचीस, "अहो, या गावाला डोंगरच नाही!"

तुझंही बरोबर होतं. तुझे वडील साताऱ्याकडचे शाळामास्तर, लेकीला परकराचा काष्टा मारायला लावून गडावर नेणारे. तुला उंचावरून जग बघायची सवय. इथे सगळं परातीसारखं सपाट.

मग शेजारच्या बीणादी भेटल्या आणि माझ्या रविवारांचं वाटोळं झालं. मुलींच्या शाळेत भूगोल शिकवणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या, पायाला भिंगरी लावलेल्या या बाईंनी तुला सांगितलं, "बोउदी," वहिनीला त्या बोउदी म्हणतात, "आमच्याकडे डोंगर नाही. आमच्याकडे पाणी आहे. चला." तू गेलीस, आणि संध्याकाळी गुडघाभर चिखल घेऊन परत आलीस तेव्हा तुझा चेहरा असा होता, की मी फरशीबद्दल चकार शब्द काढला नाही.

अमेरिकन पलटणी मायदेशी गेल्यावर त्यांचा उरलासुरला माल धरमतल्ल्याला फुटपाथवर विकायला होता. तिथून तू दुर्बीण घेतलीस आणि कोणा धिप्पाड सोल्जरचे बूट घेतलेस. बुटांत पुढे कापूस कोंबायचा, वर नऊवारी. "चिखलाला आपली नऊवारीच बरी, काष्टा खोचला की मोकळं," असं तू म्हणायचीस. त्या वेषात तू ट्रॅममध्ये चढलीस की भद्र मंडळी वर्तमानपत्राआडून बघत. आणि मी दोन बाकं सोडून, जणू आपली ओळखच नाही असा बसायचो! सियालदहपर्यंत पोहोचवायचं काम तेवढं माझं. पुढे तुम्ही दोघी, थालीपिठाचा डबा आणि बीणादींच्या मुडीची, म्हणजे कुरमुऱ्यांची, पुडी.

महाराष्ट्र मंडळात कोणीतरी विचारलं होतं, "वहिनी, या वयात हे काय?" तू म्हणालीस, "या वयात सवड मिळाली, म्हणून या वयात." मला तेव्हा तुझा केवढा अभिमान वाटला! बोललो मात्र नाही. आज बोलतो.

पुण्याच्या मासिकाला तू पहिला लेख पाठवलास तो एका झिलेवरच्या हिवाळी बदकांचा. झील म्हणजे आपल्याकडचं मोठं उथळ तळं, असं त्यातच समजावून दिलं होतंस. झिलेचं नाव, स्टेशनचं नाव, कुठली गाडी सोयीची, सगळं लिहिलंस आणि शेवटी "वाचकांनी अवश्य जाऊन पाहावे" असं आमंत्रण! लेख छापून आला, मंडळाच्या वाचनालयात मासिकाचा अंक हातोहात फिरला.

आणि मग एका रविवारी संध्याकाळी बँकेतले खासनीस दारात उभे. घामाघूम, आनंदाने फुललेले. हातात दोरीला बांधलेली दोन बदकं.

"वहिनी, तुमच्या लेखामुळे हो!" ते म्हणाले. "गेलो, तर पाणी दिसत नव्हतं इतकी पाखरं! म्हटलं, पहिला मान तुमचा. तुमच्याकडे चालत नाही ठाऊक आहे मला, पण कामवालीला द्या. ताजी आहेत."

माणूस वाईट नव्हता गं. उपकाराची फेड करायला आला होता बिचारा! तू दोरी हातात घेतलीस, "बसा, चहा घेऊन जा," म्हणालीस, वर बेसनाचा लाडूही दिलास. ते गेल्यावर मागच्या पेरूखाली खड्डा खणलास. मला कुदळीला हात लावू दिला नाहीस. हात धुऊन आत आलीस आणि म्हणालीस, "अहो, पत्ता मी दिला."

बस्स, एवढंच. त्या दिवसापासून तुझा नियम सुरू झाला. पाखरांविषयी सगळं लिहायचं, ठिकाण लिहायचं नाही.

पुढच्या पावसाळ्यात तुम्हा दोघींना ती जागा सापडली. कोणा जमीनदाराची ओस पडलेली बाग, तिच्या पोटाशी झील, काठावर काटेसावरी, चिंचा आणि बांबूची बेटं, आणि त्यांच्यावर शेकडो घरटी! दमदमच्या अलीकडे की पलीकडे, तेही तू कधी कुठे लिहिलं नाहीस. तिचं खरं नाव बाजूला ठेवून तू सावरतळं असं नाव दिलंस आणि त्या नावाने लिहीत सुटलीस. तिथले मोठे करकोचे, त्यांना तू बंगाली लोकांसारखं शामुकखोलच म्हणायचीस, कारण ते शामुक म्हणजे गोगलगाई खातात. चोच मिटली तरी मधे फट राहते, हसू दाबून धरलेल्या माणसासारखी, असं तू लिहिलं होतंस. पुण्यामुंबईच्या घराघरांत बायका ते वाचून आपल्या पोरांना सांगत. पुढे पुस्तक निघालं. संपादकांनी दहादा विचारलं असेल, हे सावरतळं आहे तरी कुठे? तुझं उत्तर ठरलेलं, "बंगालात आहे."

आणि ते जळगावचे गृहस्थ! वळकटी घेऊन थेट आपल्या दारात. "सावरतळं बघितल्याशिवाय जाणार नाही." तू त्यांना पोटभर जेवू घातलंस, नदीपलीकडच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये नेऊन तिथलं तळं दाखवलंस आणि गाडीत बसवून दिलंस. त्यांचं पत्र आलं की लेखात वर्णन केलंय तस्संच आहे हो! हसून हसून तुझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

पण एक तक्रार आहे, आणि ती आज सांगणारच. जळगावकरांना फसवलंस ते ठीक. मला का नाही सांगितलंस? मी विचारलं की म्हणायचीस, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही." अगदी खरं, माझ्या मूळव्याधीची बातमी मीच सगळ्या कचेरीला दिली होती. तरीपण! नवरा सियालदहच्या फलाटावर हात हलवतो आणि बायको कुठल्या गाडीने कुठे जाते ते त्याला ठाऊक नाही, हे कुठल्या शास्त्रात बसतं?

कामाचा उरक मात्र दांडगा होता तुझा. अंडी उतरवून नेणाऱ्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांशी मैत्री करायचीस. बाजारात पाय बांधून टांगलेल्या पाखरांबद्दल इंग्रजी पेपराला खरमरीत पत्रं लिहायचीस. बीणादींच्या शाळेतल्या मुलींना रांगेने बांधावरून चालवायचीस. सुंदरबनात स्टीमरने जाऊन आलीस, मध काढणाऱ्यांवर लिहिलंस, आणि आल्या आल्या तक्रार कसली, तर वाघ दिसला नाही! मी देवासमोर साखर ठेवली होती, ती त्याचसाठी.

शेवटी एकदाच नेलंस मला. मागच्या श्रावणात. आपणहून म्हणालीस, "चला, आज तुम्हीही." मी विचारलं, "आणि तीळ?" तू म्हणालीस, "भिजवा आता, वय झालं तुमचं."

ताडाचं खोड कोरून केलेल्या त्या डोंग्यात मी दोन्ही कडा घट्ट धरून बसलो होतो आणि तू उभं राहून बांबूने तो ढकलत होतीस. वास काय तो! मासळी, शेवाळ, वर पाखरांची शिट. माझी नवी छत्री पांढरी झाली. आणि मग मी छत्री बाजूला करून वर पाहिलं. झाडांना पानं होती की नाही कोण जाणे, फांदी न् फांदी पाखरांनी भरलेली. पिल्लं माना ताणून ओरडत होती, मोठी पाखरं चोचींचा खटखटाट करत होती. तुला म्हणालो, "इंदू, एवढं असूनही मी इतकी वर्षं घरी बसलो?"

"बसलात, पण मला जाऊ दिलंत," तू म्हणालीस. डोंगा ढकलतच होतीस, माझ्याकडे बघितलंही नाहीस. मला ते वाक्य अजून पुरतंय.

काठावर तेव्हा पाच-सात झोपड्या नव्याने उठल्या होत्या, पूर्व बंगालातल्या बारिशालकडून उखडून आलेल्या कुटुंबांच्या. त्यांतल्या हारूच्या आईने आपल्याला लाह्या दिल्या. तिच्या अंगणातल्या चिंचेवरच सगळ्यांत जास्त घरटी, अंगण सारवायची सोय नाही. ती तुला दुरबिन-दिदी म्हणायची. निघताना तू तिला बजावलंस, "कोणी विचारलं तर सांगायचं नाही हं, इथे पाखरं आहेत म्हणून." तिने मान हलवली. मीही ऐकलं ते. तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

भाद्रपदात तू काविळीने गेलीस. त्याबद्दल काय लिहू? सगळं इतकं भराभर झालं. नागपूरहून आपली कुमुद पोहोचली तेव्हा तू तिला ओळखलंस, एवढं एक बरं झालं.

दहाव्याला मात्र मी तुझ्यावर चिडलो होतो. गंगेच्या घाटावर पिंड ठेवले, भटजी म्हणाले, सगळ्यांनी मागे व्हा. मी मनाशी तयारी करून गेलो होतो. कावळा यायचा नाही, मग मी म्हणायचं, तुझ्या पाखरांचं मी बघेन, तुझ्या लेखांचं मी बघेन, आणि मग तो यायचा. पण आम्ही पुरते मागे वळलोही नाही तोच कावळा हजर! शिवला आणि खायलाही लागला. सगळे म्हणाले, पुण्यवान बाई, काही इच्छा राहिली नव्हती. खासनीसांनी तर हात जोडले. मला वाटलं, एवढी घाई? माझ्याकडून काहीच नको होतं तुला? मी आपला मनातल्या मनात, कलकत्त्याचे कावळे, यांना कुठे धीर असतो, अशी समजूत काढत घरी आलो.

जवळजवळ वर्ष गेलं. कचेरी, घर, बीणादींनी पाठवलेली आमटी. त्यांना आमटी करता येत नाही, पण सांगणार कोण? या श्रावणात एक दिवस त्याच येऊन म्हणाल्या, "बसंतदा," माझ्या वसंतचा त्यांनी बसंतदा केलाय, "बोउदींची पाखरं बघायला जाऊ या." तुझे बूट मला होत होते. कापूस काढून टाकला आणि गेलो.

पाखरं होती गं. सगळी होती. पण झाडांच्या बुंध्यांवर चुन्याचे पट्टे मारलेले होते आणि झिलेच्या कडेने खुंट्या ठोकल्या होत्या. जमीनदारी गेली, बाग सरकारात जमा झाली. आता पुजोनंतर, म्हणजे दुर्गापूजा उरकली की, झाडांचा लिलाव व्हायचा, मग झील बुजवून घरांसाठी जागा पाडायच्या, असं ठरलंय. आमचे चेहरे उतरले.

हारूच्या आईने मला ओळखलं. तू गेल्याचं ऐकून पदर डोळ्यांना लावला. मग माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगू लागली, दिदीचा शब्द आम्ही मोडला नाही हं. मोजणीवाले बाबू हिवाळ्यात आले होते, झाडं रिकामी होती. त्यांनी घरोघर विचारलं, इथे काय आहे? मासे? पाखरं? काही उत्पन्न?

"आमरा तो काउरे किछु कोइ नाइ!" ती अभिमानाने म्हणाली. आम्ही कोणाला काही म्हणजे काही सांगितलं नाही! काही नाही बाबू, नुसता चिखल आणि डास, असं सगळ्यांनी एका सुरात सांगितलं होतं.

आणि बाबूंनी तेच लिहून नेलं. चिखल आणि डास. उपयोगशून्य. बुजवायला हरकत नाही.

अगं इंदू, त्या बाईने तुझा शब्द पाळला होता! मला तिला सांगायचं नव्हतं, पण बीणादींच्या तोंडून निघून गेलं. तिने चिंचेच्या बुंध्याला हात लावला. "कि सर्बनाश!" म्हणाली.

मी तुझे सगळे लेख, पुस्तक, पिशवीत भरून सरकारी कचेरीत गेलो. तिथले दत्तबाबू सज्जन निघाले. खुर्ची दिली, चहा दिला. मी एकेक लेख त्यांना इंग्रजीत वाचून दाखवला. शामुकखोलाची फट असलेली चोच ऐकून ते हसले, पिल्लांना सावली करायला पंख पसरून उभी असलेली आई ऐकून म्हणाले, हे परत वाचा. मला वाटलं, जिंकलं! मग त्यांनी नकाशा पसरला आणि विचारलं, "सावरतळं यात कुठे?"

नव्हतंच कुठे. असणार कसं? मी म्हणालो, नाव बदललंय. ते म्हणाले, बरं, स्टेशन? मी पानं चाळली. "कलकत्त्याहून काही अंतरावर." गाव? "एक छोटंसं गाव." इतकी वर्षं लिहिलंस, इतकं सुरेख लिहिलंस, आणि त्यातला एक शब्दसुद्धा त्या जागेच्या उपयोगी पडेना!

"मिस्टर गोडबोले," दत्तबाबू म्हणाले, "तुमच्या मिसेसनी ही जागा बंदूकवाल्यांपासून लपवली, ते ठीक. पण आमच्यापासूनही लपवली. जे कागदावर नाही ते वाचवू कसं?"

त्यांनी सांगितलंय, खरं नाव, खरा पत्ता, नकाशा, तिथल्या लोकांच्या सह्या, असा अर्ज आणा. मी तो वर मांडतो. होईलच असं वचन नाही. आणि एकदा कागदावर आलं की ते सगळ्यांचं होईल, वर्तमानपत्रातही येईल, हेही लक्षात ठेवा.

यावरून माझं आणि बीणादींचं चांगलंच वाजलं. त्या म्हणाल्या, "बोउदीने दिला नसता पत्ता. त्या खासनीसची बदकं विसरलात?" मी म्हणालो, बदकं दोन होती, इथे झाडंच जाणार आहेत. त्या म्हणाल्या, नाव छापून आलं की बंदुका येतील, अंडी न्यायला टोळ्या येतील, मग झाडं ठेवून काय करायचंय? मी म्हणालो, झाडं राहिली तर पुढचं बघता तरी येईल. त्या तरातरा निघून गेल्या. आठवडाभर आमटी आली नाही!

मग आल्या. उंबऱ्यातच उभं राहून म्हणाल्या, "पत्ता द्या. पण मग कोणालातरी तिथे बसावं लागेल. जाऊन बघून परत यायचं नाही, बसायचं. माझे गुडघे गेले, बसंतदा. कोण बसणार?"

मला वाटतं, त्यांना उत्तर ठाऊक होतं.

हारूच्या आईकडे सही मागायला गेलो तेव्हा तिने एकच विचारलं, पाखरं राहिली तर आम्हाला उठवतील का? तिचं काय चुकलं? एकदा घर सोडून आलेली बाई ती. अर्जात मी दोन्ही लिहिलंय. झील आणि काठची झाडं पाखरांना ठेवावीत, दक्षिणेकडची बागेची उंच जमीन कोरडी आहे, ती या कुटुंबांना द्यावी. ते वाचून दाखवलं तेव्हा तिने सही केली. वळणदार, शाळेत गिरवलेली सही. मग बाकीच्यांनी केल्या.

आता तुला तुझी एक चूक सांगू? तुला वाटलं, पत्ता दिलास म्हणून ती बदकं मेली. नाही गं. पत्ता दिलास आणि तिथे कोणी नव्हतं, म्हणून मेली. हे शहाणपण मला मागाहून सुचलंय आणि तू असतीस तर वाद घातला असतास. घाल ना! हरायला तयार आहे मी.

आता दुसरा कागद. अर्जाखाली तोही ठेवलाय. माझी नागपूरची बदली आली, इंदू! किती वर्षं मागत होतो आठवतं? दर खेपेला नकार आला की मी तोंड पाडून बसायचो आणि तू आत जाऊन गुणगुणायचीस. पुजोनंतर रुजू व्हायचं होतं. कुमुदने लिहिलंय, "बाबा, आता बदली आलीच आहे तर या ना. नातू तुम्हाला ओळखायला लागलाय. तिथे आता तुमचं कोण आहे?"

मला जायचं होतं. खोटं कशाला बोलू? नातवाचा फोटो समोरच आहे. या घरात खुंटीवरची तुझी दुर्बीण रोज बघायला नको वाटतं. पण त्या दुसऱ्या कागदावर मी लिहून दिलंय, बदली रद्द करावी, निवृत्त होईपर्यंत इथेच ठेवावं. कुमुद रुसेल. तिला सुट्टीत पोरासकट बोलावून घेतो आणि तिथे काय आहे ते दाखवतो.

दहाव्याचा राग आता गेला माझा. कावळा लगेच शिवला ते बरोबरच होतं. तुला जे करायचं होतं ते तू करून गेलीस, माझ्यासाठी काही मागे ठेवलं नाहीस. तेव्हा हे तुझी राहिलेली इच्छा म्हणून करत नाहीये. माझी आहे. मला ती पाखरं परत बघायची आहेत.

म्हणून वचन देतो. उद्या पत्ता सरकारात जाईल, मग तो कोणालाही कळेल. पण ज्याला कळेल त्याला तिथे मी भेटेन. दर रविवारी, तुझे बूट घालून, हारूच्या आईच्या अंगणात, त्या चिंचेखाली, पांढऱ्या झालेल्या छत्रीत. बंदूक घेऊन कोणी आला तर आधी त्याला माझ्याशी बोलावं लागेल, आणि मी किती बोलतो ते तुला ठाऊक आहे. दुर्बीण घेऊन आला तर त्याला डोंग्यात बसवीन. माझी चिखलाची शिसारी मात्र अजून गेलेली नाही. ती घेऊनच जाईन.

आणि आता पहिल्यापासून परत वाच. हे पत्र कोणाच्या हाती लागेल काय सांगावं, म्हणून नाव, गाव, स्टेशन, काही म्हणजे काही यात लिहिलेलं नाही. बघ, भिजला की नाही तीळ?

तुझाच,
वसंत